इंग्लिश हार्बरला काय काय बघायचं

अँटिग्वा नावाच्या बेटावर इंग्लिश हार्बर म्हणून एक जुनं बंदर आहे. कॅरिबियन समुद्रात. मी तिथे पाच दिवस राहून आलोय, हे माझ्या आईला नऊ वर्षं माहीत नव्हतं.

पप्पा एका खासगी शिडाच्या बोटीवर स्वयंपाकी होते. तिथला हंगाम डिसेंबर ते एप्रिल, त्यामुळे आमच्या वसईच्या घरात नाताळला ते कधीच नसायचे. मे महिन्यात यायचे, आंबा चोखत बसायचे आणि त्या बंदराचं वर्णन करायचे. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "एकदा दाखवा तरी मला, असं आहे काय तिथे." दाखवायच्या आधीच ते गेले. पुढे आई आमच्याकडे ऑस्ट्रेलियात, टार्निटला राहायला आली तेव्हा मी तिला म्हटलं, मी नेतो.

आणि मग ऑफिसातल्या दोन मित्रांनी क्रिकेटचे सामने बघायला वेस्ट इंडीजला जायचं ठरवलं. मी हो म्हणालो. आईला सांगितलं, वाटेत जिथे विमान बदलायचं त्या देशाने तुझा व्हिसा नाकारला, आणि मी ऑफिसच्या कामाला टोरांटोला चाललोय. तिचा अर्ज मी भरलाच नव्हता.

का, हे आजवर कुणाला सांगितलं नाही. मला तिची लाज वाटत होती. ती सुकट बांधून घेणार, किल्ल्याच्या वाटेवर माझा हात धरणार, पप्पांचं नाव घेऊन अनोळखी माणसांना काहीबाही विचारणार, आणि मित्रांसमोर रडणार. मला तिथे मजा करायची होती. पप्पांचा मुलगा म्हणून नव्हतं जायचं.

खोटं बोललो, एवढंच एका फादरांकडे कन्फेशनला सांगून झालं होतं. ते म्हणाले, आईला सांगा. पुढच्या वेळेपासून मी दुसऱ्या चर्चला जायला लागलो.

यंदा आईला ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व मिळालं. कौन्सिलच्या हॉलमध्ये शपथ घेतली, तिथल्या रिवाजाप्रमाणे भेट म्हणून रोपटं मिळालं, फोटो निघाले. पासपोर्ट आला त्या शनिवारी दुपारी ती माझ्या मुलीला घेऊन लॅपटॉपसमोर बसली. "आता ह्या पासपोर्टवर तरी सोडतील का रे मला?" नात त्याच विमान बदलायच्या देशाचा अर्ज भरत होती, मी ओट्याशी पापलेटं साफ करत होतो.

"आजी, हॅव यू एव्हर बीन रिफ्यूज्ड अ व्हिसा? नो, राइट?"

"यस कर," आई म्हणाली. "एकदा नाकारलाय मला. ह्याच लोकांनी."

"आजी, यस केलं तर प्रॉब्लेम होईल."

"होऊ दे. सरकारी कागदावर मी खोटं लिहिणार नाही. ह्या वयात."

मी हात धुतले. म्हणालो, "आई, नो कर. तुला कुणी नाकारलं नाही. मी अर्जच केला नव्हता. मी एकटाच गेलो होतो तिथे. टोरांटो वगैरे काही नव्हतं."

मुलगी हळूच उठून आपल्या खोलीत गेली. आईने चष्मा काढून टेबलावरच्या पासपोर्टवर ठेवला.

"नऊ वर्षं मी विचार करतेय, माझ्यात त्यांना काय वाईट दिसलं असेल," ती म्हणाली.

मी हात पुसत ओट्याशीच उभा होतो.

"बस," ती म्हणाली. "काय काय बघितलंस ते सांग."

मी सांगायला लागलो. जुन्या गोदीतले ते जाड दगडी खांब, वर छप्पर नाही, नुसतेच उभे. पूर्वी त्यांच्यावर शिडं शिवायचा माळा होता. ती सगळी गोदी गुलाम माणसांकडून बांधून घेतली, तेही तिथल्या म्युझियममध्ये वाचायला मिळतं. तळ साफ करायला जहाज ओढून आडवं करायची लाकडी चक्रं.

"बारा माणसं लागायची ती फिरवायला," आई म्हणाली.

"पप्पा म्हणायचे बारा. तिथे दांडे घालायच्या खाचा त्याहून जास्त आहेत."

"मोजल्यास?"

"मोजल्या."

मग बंदराच्या तोंडावरचा छोटा किल्ला, निवडुंगांमधून जाणारी पायवाट, बाजूला शेळ्या. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि त्याबरोबर पालेभाजी-मटणाचं कालवण. रस्त्याकडेला मिळणारं काळं अननस. ते नावाचंच काळं, आत पिवळंधमक आणि साखरेसारखं.

"आणि रविवारचा बाजा? डोंगरावरचा?"

हे मी गाळणार होतो. रविवारी संध्याकाळी डोंगरावरच्या जुन्या चौकीत पिंपांपासून केलेली वाद्यं वाजतात, खाली अख्खं बंदर दिसतं, शेगड्यांवर कोंबडी भाजतात.

"गेलेलास?"

"हो."

"नाचलास?"

"नाचलो."

"मजा आली?"

मी मान खाली घातली. "खूप."

"मग तसं सांग ना. मयताला बसल्यासारखं काय सांगतोस?" ती म्हणाली. "तुझे पप्पा कधी वर गेले नाहीत. रविवारी सगळे नाचायला जायचे आणि हे बोटीवर कांदे चिरत ऐकायचे. घरातलं कुणीतरी वर गेलं."

मला वाटलं, झालं, माफ केलं. तेवढ्यात ती म्हणाली, "तिकिटं दोनच काढ. मी आणि माझी नात. डिसेंबरात, तिची परीक्षा झाली की. नाताळ तिथेच करणार."

"आणि मी?"

"तू बघितलंयस. तू घरी थांब. नाताळला घरी वाट बघत बसायचं कसं असतं, ते एकदा तूही बघ."

आतून मुलगी ओरडली, "फेअर इनफ, डॅड." म्हणजे ती सगळं ऐकत होती.

अर्ज पाठवला, मंजूर झाला, तिकिटं आली. आई अजून माझ्याशी मोजकंच बोलते, पण रोज संध्याकाळी वही आणून पुढ्यात ठेवते. त्यात मी मोठ्या अक्षरांत लिहून देतोय: कुठलं आधी बघायचं, कुठे सावली नाही, किल्ल्याच्या वाटेला सकाळीच का निघायचं, डोंगरावर टॅक्सी करून का जायचं. माझं अक्षर लागलं नाही की ती हाक मारते. काल तिने विचारलं, नाचताना चपला घालायच्या की बूट. मी लिहिलं, बूट. ती म्हणाली, "चुकीचं असलं तर बघ." आणि हसली.