लाल फेटा मागच्या दांडीला

लडकू भोईर मास्तरांचं नाक तरुणपणी कबड्डीत दोनदा फुटलं होतं. त्यामुळेच की काय, चित्रकलेच्या तासाला ते कुणाचं तरी नाक फोडायला निघाल्यासारखे वर्गात शिरत. लोधिवलीच्या पुढच्या एका गावात त्यांचं हायस्कूल. इतर मास्तर रंगसंगती शिकवतात, हे फळ्यावर मूठ आपटून ओरडत, "लाल आणि हिरवा शेजारी आले की एकमेकांचं नरडं धरणारच! धरू द्या! त्याशिवाय बघणारा थांबत नाय. पण कागदभर दंगल नको. एका कोपऱ्यात मारामारी, बाकी मैदान मोकळं!" एखाद्या पोराने सगळी गर्दी कागदाच्या एकाच बाजूला केली, की मास्तर तो कागद तिरका धरून खदाखदा हलवत. "बघ, पडली सगळी माणसं. उचल आता!"

वार्षिक संमेलनासाठी शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर चित्र काढायचं ठरलं आणि मास्तरांनी ते मंगळीला दिलं. मंगळी नववीतली, डोंगरावरच्या ठाकर वस्तीतून चालत येणारी. बोलणं मोजकं, पण हातात ब्रश आला की भिंत पुरायची नाही. तिने गावदेवीच्या जत्रेतली पालखी काढली. पुढच्या दांडीला लाल फेटेवाला, मागच्या दांडीला पिवळा, पालखीपुढे लाल निशाण आणि लाल लुगड्यातल्या बाया. मास्तर रस्त्यापलीकडे गेले, एक डोळा मिटून बघितलं आणि पोटात दुखल्यासारखे कळवळले.

"मंगळे, सगळा लाल पुढंच गोळा झाला. चित्र तोंडावर पडतंय! फेटे बदल. पिवळा पुढं घे, लाल मागं टाक."

"सर, गावात तसं नसतं."

"गावाचं मरू दे गं! चित्र पडतंय ते बघ."

गावात तसं नसतं हे मास्तरांना ठाऊक नव्हतं, असं नाही. लाल फेटा पाटलांच्या घराण्याचा, पिवळा ठोंबऱ्यांचा, आणि पालखीची पुढची दांडी पाटलांच्या मानाची. एका जत्रेत ठोंबऱ्यांच्या एका पोराने त्या दांडीला नुसता हात लावला होता. त्याची दोन बोटं आजही वाकडी आहेत. पण चित्र समोर आलं की मास्तरांना गाव दिसेनासं व्हायचं. मंगळीने फेटे बदलले. चित्र सावरलं. फक्त पुढचं मोठं नि मागचं लहान या नियमाने ठोंबऱ्यांचा माणूस पुरुषभर उंच झाला होता, आणि पाटलांचा त्याच्या कोपराएवढा.

संमेलनाच्या सकाळी गजा पाटील डांबराची बादली घेऊन आला. मागे काठ्या घेतलेले भाऊबंद. भिंतीपुढे दशरथ ठोंबरे आधीच पहार रोवून उभा होता. आदल्या दिवशी सगळ्या खानदानाला बोलावून त्याने तिथे फोटो काढले होते.

"पोतारतो ही भिंत!" गजा गरजला.

"हात लावून तर बघ रं! आख्खा जलम मागं गेला आमचा, भिंतीवर तरी पुढं हाय!"

गजाची काठी दशरथच्या खांद्यावर बसली. दशरथची पहार एका भाऊबंदाच्या नडगीवर उतरली आणि सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. मग कुणी कुणाला विचारलं नाही. मांडवाचे बांबू उपटले गेले. पाहुण्यांसाठी मांडलेल्यांतली एक खुर्ची शाळेचा शिपाई पोपट याच्या कपाळात शिरली; तो बिचारा नारळ घेऊन उभा होता, त्याने त्याच नारळाने समोरच्याचं डोकं फोडलं. 'सुस्वागतम्'च्या रांगोळीवर कुणाचा तरी दात पडला.

तेवढ्यात गजाला मंगळी दिसली. त्याने तिचं मनगट पिरगाळून हात भिंतीवर दाबला आणि काठी उचलली. "ह्या वाडीवरच्या पोरीनं मुद्दाम केलंय! हा हातच मोडतो!"

"तिचा हात सोड!" मास्तर मध्ये घुसले. "ती नको म्हणत हुती. फेटे मी बदलाय लावले!"

काठी मास्तरांच्या जबड्यावर आली. ते खाली पडले, पण पडता पडता जुन्या सवयीने त्यांनी गजाचा घोटा धरला. तो काही सुटेना. पाटलांनी बरगड्यांत लाथा घातल्या. ठोंबऱ्यांनीही घातल्या, कारण लालाला पिवळ्याशी झुंजवणारा शेवटी हाच.

सुटलेल्या हाताने मंगळीने भिंत रंगवून उरलेल्या चुन्याची बादली ओढली. एका फटकाऱ्यात पिवळा माणूस पुसला, दुसऱ्यात लाल.

"अगं, मी हाय तो!" दशरथ किंचाळला.

सगळे थबकले. पालखी अधांतरी, दांड्यांखाली कुणीच नाही.

"पालखी धरली कुनी मंग?" गजाने धापा टाकत विचारलं.

"कुनीच नाय," मंगळी म्हणाली. "आता मारा कुनाला मारायचं ते."

मारायला भिंतीवर माणूस उरला नव्हता. ज्याचं त्याचं रक्त ज्याला त्याला दिसू लागलं, आणि काठ्या खाली आल्या.

मास्तरांना टेंपोत घातलं. जबडा मोडलेला, एक डोळा बंद. उघड्या डोळ्याने ते भिंतीकडेच बघत होते. त्यांनी रक्ताळलेलं बोट उचललं आणि चित्राच्या मागच्या रिकाम्या कोपऱ्याकडे दाखवलं: सगळा लाल पुन्हा पुढंच राहिला, तिथे काहीतरी हवं.

मंगळीने ते बोट मिटलं आणि त्यांचा हात छातीवर ठेवला.

"पडू द्या ते चित्र, सर," ती म्हणाली आणि त्यांच्या उशाशी चढून बसली.