पतंगाच्या पोटावरचे पट्टे

ताई गेल्याचा निरोप घेऊन काकांचा गडी कल्याणला माझ्या सासरी आला. ती आजारी असल्याचंही मला तोवर कुणी कळवलं नव्हतं. मुरबाडला काकांच्या घरी पोचले तर परसातल्या चुलाणात तिने काढलेले फोटो जळत होते. काका स्वतः काठीने ते आत लोटत होते. "कवटीचं पाखरू घरात ठेवलं... दुसरं काय व्हनार?" ते म्हणाले. त्याला आता काही आठवडे झाले. माझा संताप ओसरलेला नाही.

यमुनाताई माझी थोरली बहीण. तिच्या यजमानांचा शहापूरला फोटोचा स्टुडिओ होता. फोटोच्या काचेच्या प्लेटा धुणं, छापणं ती त्यांच्याकडेच शिकली. ते अकाली गेले आणि ती त्यांचा भात्याचा कॅमेरा घेऊन मुरबाडला, काकांच्या घरी परतली. आमच्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतल्या तिळावर शेपटाशी काटा असलेल्या जाडजूड हिरव्या अळ्या यायच्या. त्या तिने जाळीच्या कपाटात पाळल्या. त्यांतून ससाण्यासारखे वेगाने उडणारे मोठे पतंग निघाले, पाठीवर हुबेहूब माणसाची कवटी! पांगाऱ्यावरच्या अळ्यांतूनही तसेच निघाले. सगळ्यांना ते एकाच जातीचे वाटत, ताईला वाटेनात. काळ्यापांढऱ्या फोटोत पंखांचा पिवळा रंग उतरत नसे, वरून घेतलेले फोटो तर जुळ्या भावांसारखे दिसत. शेवटी तिने स्टुडिओतून आणलेली एक काच खिडकीला बसवली, पतंग आतून काचेवर बसू दिला आणि अंगणात उभं राहून त्याच्या पोटाचा फोटो घेतला. तिळावरच्याचं पोट कोरं, पांगाऱ्यावरच्याच्या पोटावर काळे आडवे पट्टे. त्या दिवशी ती किती हसली होती...

शेजारच्या सीताचं तान्हं हिवतापाने गेलं, तेव्हा गावाने बोट दाखवलं ते ताईच्या कपाटाकडे. पाणवठ्यावर बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. सीता मात्र स्वतः आली. "ताय, तुज्या पाखरानं नेला का गो माजा पोर?" ताईने फोटो तिच्या हातात दिले. हे वेगवेगळे जीव आहेत, अळी असताना पाला खातात, पंख फुटले की पोळ्यातला मध चोरतात, माणसाच्या जिवाशी त्यांचं काही देणंघेणं नाही, असं समजावलं. सीता बराच वेळ ते पट्टे बघत राहिली आणि मग ताईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

पुढे तोच हिवताप ताईला झाला. दवाखाना हाकेच्या अंतरावर होता, युद्धाच्या टंचाईतही तिथे क्विनीन मिळत होतं. शुद्ध होती तोवर ताई तेच मागत होती. सीतानेही काकांना विनवलं. पण काकांना कारण आधीच सापडलं होतं! त्यांनी भगत आणला, अंगारा लावला, कपाट अंगणात फोडलं. डॉक्टरला बोलावलंच नाही. हे सीताकडून कळल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कुठल्या पाखरानं नेलं तिला, काका? कोऱ्या पोटाच्या, की पट्ट्यांच्या?"

ते गोंधळले. "दोन जातीची व्हती?" त्यांनी विचारलं.

इतकी वर्षं एका छपराखाली राहून...

परवा कल्याणला माझ्या खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने तसाच एक पतंग येऊन बसला. सासूबाईंनी केरसुणी उचलली. मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर नेलं आणि काचेतून त्याचं पोट दाखवलं. पट्टे होते. त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली आणि त्या काचेच्या आणखी जवळ सरकल्या.