समोरच्याबद्दल एक चांगलं सांगा

निवड कमिटीत बसलेल्या माणसाजवळ किस्से साठतातच. आत काय ठरलं ते बाहेर सांगायचं नसतं, निकाल पोटात ठेवायचा असतो. पण कोण कसा बसला, कोण कुठं अडखळला, कुणाला बोलता बोलता ठसका लागला, हे सांगायला कुणाची ना नाही. त्यामुळे आमच्याकडे निकाल थोडे आणि किस्से फार!

कमिटी म्हणजे काय ते आधी सांगतो. कर्नाटकात गेलेल्या आमच्या जांबोटी भागात विधानसभेची निवडणूक आली की मराठी माणसांनी एकच उमेदवार उभा करायचा, अशी आमच्या गावांची रीत. दोघे उभे राहिले की मतं फुटतात आणि दोघेही पडतात. इच्छुक मात्र दर खेपेला भरपूर. मग गावागावातून एकेक माणूस घ्यायचा, देवळाच्या मंडपात जाजम टाकायचं, इच्छुकांना एकेक करून आत बोलवायचं आणि शेवटी हात वर करून एक नाव काढायचं. ज्याचं नाव निघालं नाही त्यानं दुसऱ्या दिवसापासून निघालेल्याच्या प्रचाराला लागायचं. लिहायला हे सोपं आहे!

माझी शाळा चौथीत सुटली. बोलणंही हळू. मी तोंड उघडेपर्यंत समोरचा चहा पिऊन जातो, असं गावात म्हणतात. तरी गावानं कमिटीवर मलाच पाठवलं. मी सरपंचांना विचारलं, "मला कशाला? मला बोलाय येत न्हाय."

सरपंच म्हणाले, "म्हणूनच, अण्णा! तुझ्या पोटातलं बाहेर पडायला वरीस लागतंय. तवर निवडणूक होऊन जाईल!"

*

कमिटीचे अध्यक्ष म्हणजे आमचे गुरुजी. मराठी शाळेतून निवृत्त झालेले, अंगानं बारीक, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. पूर्वी मुलाखतीत जो तो दुसऱ्या इच्छुकाचे वाभाडे काढायचा. गुरुजींनी ते बंद केलं. म्हणाले, "आज ज्याला शिव्या दिल्या, त्याच्याच प्रचाराला उद्या कोणत्या तोंडानं जाणार?" आणि त्यांनी एक प्रश्न घालून दिला. सगळ्यांना तोच. "स्वतःचं राहू दे. समोरच्याबद्दल एक चांगलं सांगा."

पहिल्याच खेपेला दोन शेजारी इच्छुक होते. दोघांच्या शेताचा बांध एक आणि त्या बांधावरून बोलणं बंद. पहिला आत आला. गुरुजींनी प्रश्न विचारला. गडी घामाघूम. वर बघितलं, खाली बघितलं, टोपी काढली, परत घातली. शेवटी म्हणाला, "त्याचा बैल चांगला हाय."

"बैलाला उभं करायचं न्हाय!" गुरुजी म्हणाले.

"मग मला येळ द्या."

त्याला बाहेर बसवून दुसऱ्याला बोलावलं. आत काय घडलं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानंही बराच विचार केला आणि सावकाश म्हणाला, "माणसाचं काय सांगू न्हाय शकत. पण त्याला बैलातलं लई कळतंय."

*

कन्नड येतं का, हाही प्रश्न आमच्याकडे अवघड. येतं म्हणावं तर एखादा म्हातारा सदस्य संशयानं कान टवकारतो. येत नाही म्हणावं तर तिकडं बंगळूरला कागद कोण वाचणार?

एकदा एक तरुण शेतकरी आला होता. गुरुजींनी विचारलं, "कन्नड येतं का रं?"

तो म्हणाला, "भांडायपुरतं येतंय."

कोपऱ्यातले एक म्हातारे मान हलवत म्हणाले, "बास की. तिथं दुसरं काय करायचं असतंय?"

*

इच्छुकाच्या हातचं काही खायचं नाही, हा कमिटीचा नियम. चहासुद्धा देवळातला. एका इच्छुकानं तरी बेळगावहून कुंदा मिठाईचा मोठा डबा आणून जाजमावर ठेवलाच. गुरुजी म्हणाले, "मुलाखत संपली की परत न्यायचा." तो बरं म्हणून बाहेर जाऊन बसला.

आमची चर्चा लांबली. डबा मध्ये. कुंद्याचा वास तुम्हाला सांगायला नको. तुकाराम नावाचे आमचे एक सदस्य होते, आता ते नाहीत. ते डब्याला टेकूनच बसले होते. आम्ही सगळे नावांवर वाद घालत होतो, तुकाराम मात्र कधी नव्हे ते गप्प!

संध्याकाळी डबा परत दिला. इच्छुकानं हातात घेतला, वजनाचा अंदाज घेतला, झाकण उघडलं आणि हात जोडून म्हणाला, "गुरुजी, माझा निम्मा निकाल लागलाय म्हणायचा!"

*

पुण्याला नोकरी करून परत आलेला एक इंजिनिअर होता. आमच्याच भागातला, हुशार, मनानं स्वच्छ. तो लॅपटॉप आणि प्रोजेक्टर घेऊन आला. देवळाच्या भिंतीवर चित्रं दाखवायला लागला. रस्ते, धरणं, रंगीत रेघा. आम्ही बघत होतो. थोड्या वेळानं बाहेर वळीव सुरू झाला आणि लाईट गेली.

भिंत काळी झाली. पोरगा गोंधळला. पुढचं काही त्याला आठवेना. उभा राहून राहून तो आमच्याजवळ जाजमावर येऊन बसला आणि आपल्या आईचं सांगायला लागला. लहानपणी तिच्याबरोबर तो जंगलातल्या वाटेनं चालत आजोळी जायचा. ओढ्याला पाणी आलं की दोघं अलीकडेच बसून राहायची, आई पाणी उतरेपर्यंत गोष्टी सांगायची. तिथं पूल झाला पाहिजे, तो म्हणाला. पण गोष्टी सांगायला कुठं बसायचं मग, असंही वाटतं.

गुरुजी म्हणाले, "छान चाललंय तुमचं. लाईट आली तर येऊ देऊ नका!"

*

गेल्या काही वर्षांत मोबाईल आले आणि कमिटीचा ग्रुप झाला. एकदा तरुण सदस्य म्हणाले, एवढ्या लांबून सगळ्यांनी यायचं कशाला? ग्रुपवरच मत टाकूया. तीन नावं आली. मी चष्मा लावला, एकेक नाव वाचलं आणि बोट टेकवलं.

थोड्या वेळानं गुरुजींचा फोन. "अण्णा, तुम्ही तिघांनाही मत दिलंय."

"तिघंबी चांगले हायत की, गुरुजी."

गुरुजी म्हणाले, "जाजम टाकायला सांगतो."

जाजम पडलं खरं, पण पूर्वीसारखं भरत नाही. तुकाराम गेले. कान टवकारणारे म्हातारे गेले. त्यांच्या जागी त्यांची मुलं येतात, चांगली आहेत, पण त्यांना मांडी घालून फार वेळ बसवत नाही. एकेकाची जागा मला पाठ आहे. तुकारामांची जागा खांबाजवळची. तिथं आता खुर्ची ठेवतात.

*

आता परशराम आप्पाचं सांगतो. आप्पा माझा लहानपणापासूनचा मित्र. आम्ही एकाच ओढ्यात म्हशी धुतल्या. मी कमिटीत बसायला लागल्यापासून आप्पा दर खेपेला इच्छुक. एकदा तरी आपलं नाव निघावं, गावोगाव आपल्या नावाची हाळी व्हावी, एवढीच त्याची इच्छा. मुलाखतीसाठी तो दर वेळी नवा पांढरा सदरा शिवायचा. नाव निघालं नाही की तोच सदरा पुढं लग्नकार्याला वापरायचा. एकदा आमच्या घरच्या लग्नात कुणीतरी विचारलं, "आप्पा, सदरा झकास हाय, कवा शिवला?"

आप्पा म्हणाला, "मागल्या येळी पडलो तवा!"

आणि त्याचं नाव का निघत नव्हतं? गुरुजींच्या प्रश्नामुळे! समोरच्याबद्दल चांगलं सांगायला लागला की आप्पा थांबायचाच नाही. एकदा समोर गावातले वकील होते. आप्पानं सांगितलं, आई आजारी पडली तेव्हा बस नव्हती, या माणसानं अंगात ताप असताना स्वतः गाडी चालवत तिला बेळगावला नेलं, आणि दवाखान्याच्या पायरीवर माझ्याबरोबर बसून राहिला. सांगता सांगता आप्पा रडला. आम्हीही डोळे पुसले, आणि डोळे पुसलेले हात वकिलांच्या नावावर वर केले!

घरी जाताना मी त्याला म्हटलं, "आप्पा, पुढच्या येळी जरा कमी चांगलं सांग."

"मग काय खोटं सांगू व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वकिलांच्या प्रचाराच्या जीपमध्ये सगळ्यांत आधी जाऊन बसला होता.

*

आणि ही गेल्या खेपेची गोष्ट.

आप्पानं आधीच सांगितलं होतं, "अण्णा, ही शेवटची खेप. गुडघे ऐकत न्हाईत. पुढच्या येळी मला पाटीत घालून आणावं लागंल." कमिटीतही सगळ्यांचं मन त्याच्याकडेच होतं. बाकीच्या इच्छुकांनी नावं मागं घेतली. मला बरं वाटलं. आता एकदाचं होणार.

तेवढ्यात दुसरा अर्ज आला. गावातल्या बायकांनी एकमतानं दिलेला. नाव सुजाता. आप्पाची सून!

सुजाता बेळगावातल्या वडगावच्या विणकराची मुलगी. लग्न होऊन आमच्या रानात आली, ग्रामपंचायतीत निवडून आली. मुलाखतीच्या दिवशी आम्ही मंडपाच्या दारात उभे होतो, तर दोघं एकाच स्कूटरवरून आले. सून पुढं, नवा सदरा घातलेला आप्पा मागं, तिच्या खांद्याला न धरता सीटचा दांडा धरून बसलेला.

गुरुजी म्हणाले, "आप्पा, अहो घरातच बोलून ठरवलं असतं की!"

आप्पा म्हणाला, "घरात आचारसंहिता लागलीया, गुरुजी."

पहिल्यांदा सुजाताला विचारलं. समोरच्याबद्दल एक चांगलं सांगा. ती उभी राहिली, पदर सारखा केला.

"मामंजींनी मला स्कूटर शिकवली," ती म्हणाली.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आप्पाला स्कूटर येत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक.

"त्यांना येत नाही," ती म्हणाली. "पण घरात दुसरं कुणी शिकवायला तयार नव्हतं. ते मागनं सीट धरून माझ्यासंगं पळायचे. बघणारी माणसं हसायची. ते म्हणायचे, तू पुढं बघ, हसणारी मागं ऱ्हातात."

एवढं बोलून ती खाली बसली.

मग आप्पाची पाळी. दर खेपेला प्रश्न पुरा व्हायच्या आत सुरू होणारा आप्पा त्या दिवशी बोलेचना. टोपी काढून मांडीवर ठेवली. बोटांनी तिची घडी चाचपत राहिला.

"आप्पा?" गुरुजी म्हणाले.

"गुरुजी," आप्पा म्हणाला, "हिच्याबद्दल मी सांगाय लागलो तर मी पडतोय."

कुणी हसलं नाही.

"आणि या खेपेला मला पडायचं न्हाय."

गुरुजींनी चष्मा काढला. म्हणाले, "मग नका सांगू. सवलत देतो. इतकी वर्षं सांगितलंत तेवढं पुरे."

आप्पानं नकाराची मान हलवली. सुनेकडे बघितलं नाही. जाजमाकडे बघत बसला. मग टोपी डोक्यावर घातली, मांडी बदलली आणि सांगायला लागला.

बस फाट्यापर्यंतच यायची, तिथून म्हाताऱ्या माणसांना चढ चढावा लागायचा. सुजाता डेपोत गेली. साहेब भेटले नाहीत, परत गेली. कन्नडमध्ये बोलली, मराठीत बोलली, शेवटी काही न बोलता डबा घेऊन तिथंच बाकावर बसून राहिली. बस गावात आली. पहिल्या दिवशी बसला हार घालायला सगळे पुढं झाले, तेव्हा ही घरात भाकऱ्या थापत होती. "आणि मी चुकलो तर ही मला तोंडावर सांगते," आप्पा म्हणाला. "घरात, गावात, मला सांगणारं आता कुणी ऱ्हायलं न्हाय. ही सांगते. वाईट वाटतंय. पण दुसऱ्या दिवशी बरं वाटतंय."

गुरुजींनी आप्पाचं नाव पुकारलं, मग सुजाताचं. हात वर झाले. माझा हात वर जायला नेहमी वेळ लागतो. त्या दिवशी जास्तच लागला. गुरुजी थांबले. आप्पा माझ्याकडे बघत होता. त्यानं हळूच मान डोलावली. मग मी हात वर केला.

सुजाताचं नाव निघालं.

सगळे बाहेर आलो. बायकांनी सुजाताला घेरलं, तिचं कपाळ गुलालानं भरलं. आप्पा पायऱ्या उतरून खाली आला आणि स्कूटरपाशी उभा राहिला. सदऱ्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. सुजाता आली तसा त्यानं तिच्यापुढं हात केला.

"किल्ली दे."

"मामंजी, तुम्हाला कुठं येतीया!"

"तुझ्या मागं बसून बसून ध्यानात आलंय. बस मागं."

"अहो, पण उतार हाय!"

"उमेदवारानं मागंच बसायचं असतंय," आप्पा म्हणाला. "नमस्काराला हात मोकळे लागतात."

तिनं आमच्याकडे बघितलं. आम्ही गुरुजींकडे बघितलं. गुरुजी चष्मा पुसायला लागले. तिनं किल्ली दिली. आप्पानं टोपी घट्ट केली, गाडीवर बसला, कुठलं तरी बटण दाबलं. सुजाता मागं बसली.

स्कूटर एक हिसका देऊन उताराला लागली, आणि आमच्या उमेदवारानं डोळे मिटून दोन्ही हात जोडले!