खणखणीत बशी

आमच्या कॉलेजातल्या रसायनाच्या सरांचं डोकं एवढं मोठं, की टोपी शिवायची तर एका वावरातला कापूस पुरला नसता. आत मात्र नुसती सरकी. सत्तरचं दशक संपत आलं होतं. सरांनी कुठंसं वाचलं, की टायटॅनियम ऑक्साइडचा पातळ थर उन्हात ठेवला की पाण्यातला रंग तो आपोआप खाऊन टाकतो. झालं! वैशाखात संस्थेचे अध्यक्ष येणार, त्यांच्यापुढं शाईचं निळं पाणी निवळून दाखवायचं ठरलं. मी तिथं हंगामी प्रात्यक्षिक शिक्षक.

"पाणी निवळलं तं तुले कायम करतो," सर म्हणाले. "नाही तं घरी जाऊन बैल हाक."

मी ती पांढरी पूड कालवून चिनी मातीच्या बशीला लावली. कच्चा थर पाण्यात सुटला, शाईचं निळं ताक झालं. मग बशी विजेच्या भट्टीत मध्यम आचेवर भाजली. थर चिकटला, आणि दुपारभर उन्हात पाणी असं निवळलं की जिल्ह्यातल्या यच्चयावत विहिरींनी मान खाली घालावी. शेजारी ठेवलेल्या बिनथराच्या बशीतलं पाणी निळंच्या निळं.

सरांनी काय करावं? बशी कानाशी धरून बोटाचं हाडूक मारलं. आमच्याकडं वीट घेताना जो तो मारतो, तसं. आवाज आला भद्द.

"कच्ची आहे बे!"

"सर, ही वीट नव्हे. जास्त भाजली तर कण एकमेकांना चिकटून जाड होतात, थर मरतो."

"मले शिकवून राह्यला?"

धनजच्या रस्त्याला अध्यक्षांचीच वीटभट्टी होती. सरांनी बशी तिच्या पोटात ठेवून दिली. विज्ञानही झालं, खुशामतही झाली. निघाली तेव्हा टिचकी मारली की पार कामरगावची गुरं माना वर करत.

अध्यक्ष आले त्या दिवशी तारेवरचे कावळे भाजून खाली पडत होते. अध्यक्षांनी छत्रीखालून बशी वाजवली, खूश झाले. मग तिच्यात निळं पाणी ओतून सगळे बघत बसले. चहा झाला, सरबत झालं, परत चहा झाला.

"सर, हे तं निळंच हाये."

"आज ऊन कमी पडून राह्यलं, साहेब."

ऊन कमी! वैशाखात! वऱ्हाडात!

अध्यक्ष माझ्याकडं वळले. "काहून रे, तुले काय वाटते?"

सरांचे डोळे माझ्यावर रोखलेले. माझी कायमची नोकरी त्या बशीत तरंगत होती. मी डोक्याचा रुमाल काढून पिळला, घामाची धार लागली.

"खरं आहे साहेब. उन्हात आज दमच नाही."

"मलेही सकाळपासून गारच वाटून राह्यलं," अध्यक्ष कपाळ पुसत म्हणाले.

पावसाळ्याआधी मी कायम झालो. बशी सरांच्या टेबलावर गेली. पाहुणा आला की सर तिला हाडूक मारत, आणि पाहुणा, हटकून आमच्यासारखाच होयबा, मान डोलावून म्हणे, "पक्की आहे!"