बँडमास्तरांची गिरकी

लालमहंमद मास्तर नाचायला तयार झाले ते बायकोची, बिलकीसबीची कंबर गेली तेव्हा. तोवर त्यांचा साफ नकार होता.

लातूरजवळच्या मुरुडच्या बँडचे ते मास्तर. तीस लगीनसराया क्लॅरिनेट फुंकून त्यांनी दुनियेला नाचवलं, स्वतःची कंबर मात्र कधी हलू दिली नाही. नाचणं हे पोटात काहीतरी गेलेल्या माणसाचं काम, असं त्यांचं मत. आणि ते मत बदलायला लावेल असा माणूस त्यांना एकाही वरातीत दिसला नव्हता. मग दिवाळीनंतर एका सकाळी दात घासता घासता डावी बाजू गेली. पुढं तोंड सरळ झालं, बोटं हलायला लागली, पण तोल काही येईना. उभं केलं की सगळा भार उजव्या पायावर. डावा पाय आपला पाहुण्यासारखा नुसता टेकलेला.

पलंगापासून मोरी अकरा पावलं. ऐंशी किलोंच्या मास्तरांना काखेत धरून बिलकीसबी दिवसातून सहा वेळा ती चालायची. एकुलती लेक सादिया सासरी, उमरीला. त्या सोमवारी मोरीच्या दारातच बिलकीसबीच्या कमरेत कळ आली आणि ती खाली बसली. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. "आता पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही." शेजारी बसलेल्या मास्तरांनी मनातल्या मनात स्वतःला कळशीशेजारी ठेवून पाहिलं आणि मान खाली घातली.

म्हणून आठवड्यातून दोनदा एसटीनं लातूर. चढवायला कंडक्टर, उतरवायला जो सापडेल तो. तिथं दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या दीपमाला मॅडम अर्धांगाच्या आठ पेशंटांना गाण्यावर नाचवायच्या.

"नुसतं 'डाव्यावर भार द्या' म्हटलं तर भीतीनं कुणी देत नाही, मास्तर. गाण्यात माणूस भीती विसरतो."

"मी गाण्यात विसरत गेलो असतो मॅडम, तर वरात दुसऱ्याच्याच दारात उभी राहिली असती."

तालात मास्तर पक्के. डावा टेका, उजवा उचला, बाजूला सरका. बाकीचे सात जण त्यांच्याकडं बघून पाय टाकायचे. गाणं संपलं, आणि मास्तर धाडकन कलंडले. मॅडमनी कमरेचा पट्टा धरलेला, म्हणून डोकं वाचलं. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही. मॅडमनी बीपी पाहिला, चप्पल बदलली, चष्मा तपासला.

शेवटी भिंतीकडेच्या खुर्चीतून बिलकीसबी बोलली, "अवो मॅडम, गाणं सरलं की हे वळायलेत."

खरंच की! वरातीत मास्तरांचं तोंड नाचणाऱ्यांकडं आणि पाठ वादकांकडं. एक गाणं संपलं की डाव्या टाचेवर गिरकी घेऊन वादकांना पुढच्या गाण्याची खूण करायची. तीस वर्षांची सवय. टाच गेली, सवय राहिली.

"मग वळू नका ना," मॅडम म्हणाल्या.

"पाय मला इचारून वळतो का?"

"महिने लागतील. तोवर घरात कुणीतरी धरायला पाहिजे."

कुणीतरी! दोघांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं. परतीच्या एसटीत मास्तर म्हणाले, "मला उमरीला नेऊन टाक, बिलकीस."

"टाकायला तुम्ही काय सामान हाव?"

"सामान बरं. सामान मोरीला जात न्हाई."

गुरुवारी दुपारी बिलकीसबीचा डोळा लागला होता. तिला उठवायला नको म्हणून मास्तर एकटेच निघाले, गुणगुणत. अकरा पावलं झाली, मोरीचं दार आलं, आणि चाल तिथंच संपली. टाच वळली. बिलकीसबी पलंगावरून कशी उठली कुणास ठाऊक. तिनं झेप घेतली आणि ऐंशी किलो तिच्या अंगावर आले.

मास्तर बाजूला सरकले. ती सरकेना. चेहरा चुन्यासारखा झालेला.

"पाय हलव."

"न्हाई हलत."

मास्तरांनी हाक मारली, पण आजारापासून आवाज उंबऱ्याबाहेर जात नव्हता. मोबाईल समोरच्या सिद्धम्माकडं चार्जिंगला. वीज गेलेली, आणि तिच्याकडं इन्व्हर्टर होता. नळ धरून, गुडघ्यावर येऊन, कण्हत मास्तर उभे राहिले. बाहेरचं दार मोरीपासून पलंगाहूनही लांब. गाणं म्हणायची हिंमत नव्हती, कारण गाणं संपतं. भिंतीला उजवा हात लावून त्यांनी डाव्यावर भार दिला. पाय थरथरला. उजवा उचलला.

"एक," जमिनीवरून बिलकीसबी म्हणाली.

मास्तर मध्येच थांबले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

"सावकाश. मी कुठं पळून चालले?"

सोळाव्याला कडी हाताला लागली. दार उघडलं. "सिद्धम्मा!" या वेळी आवाज गल्लीत गेला. सिद्धम्मा धावत आली, मास्तरांच्या बगलेतून आत शिरली आणि आतून ओरडली, "अगं बाई, ही तर गार पडलीय!"

मास्तरांना बघायचं होतं. बघायचं तर वळायला हवं होतं. डावी टाच शिवशिवली. त्यांनी दोन्ही हातांनी चौकट आवळून धरली आणि गल्लीकडं तोंड करून विचारलं, "बिलकीस?"

मागून तांब्याचा आवाज आला. सिद्धम्मा पाणी शिंपडत होती, नाव घेऊन हलवत होती.

"बिलकीस! बोल की गं!"

बऱ्याच वेळानं एक कण्हणं आलं. मग बारीक आवाज.

"मागं बघू नका... हाय मी. तसंच उभं ऱ्हावा."

मास्तर तसेच उभे राहिले.