बुधवारचं एक वचन, एक टिप

आमच्या माता-मंडळाचे किस्से म्हणजे दाराआड कोंबलेल्या पिशव्या. एक ओढावी, तर चार अंगावर येतात!

दर बुधवारी दुपारी तीनला, मिलमजुरांच्या परदेशीपुऱ्यात, रूथ मावशीच्या घरी सगळ्या आया जमायच्या. मी आईबरोबर जायचे, कारण वचन मोठ्याने वाचायला कुणीतरी लागायचं. मोठ्याने म्हणजे माझ्या मानाने! आधी बायबलमधलं वचन, मग प्रत्येकीची एक टिप, आणि टिप स्वतःच्या घरी आजमावलेलीच हवी.

जागा तीच का, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मिल बंद झाल्यापासून मावशीचे यजमान, डॅनियल काका, आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. उठायचे नाहीत, बोलायचे नाहीत. मावशी म्हणायची, "निदान तुमचा कलकलाट तरी त्यांच्या कानावर पडू दे."

*

एकदा वचन रागाबद्दल होतं. सगळ्यांत वडीलधाऱ्या मार्था काकूंनी टिप दिली, "मुलांवर राग आला की तोंडात पाण्याचा घोट धरायचा. राग उतरेपर्यंत गिळायचा नाही!"

आईने दुसऱ्याच दिवशी आजमावली. माझ्या भावाने नव्या चादरीवर शाई सांडली होती. आई गाल फुगवून त्याच्यासमोर उभी. तो वाकून बघत म्हणाला, "मम्मी, दाढ दुखते का?"

आईला हसू फुटलं आणि सगळं पाणी त्याच्या तोंडावर!

"अरे भिया," तो गल्लीतल्या पोरांच्या थाटात तोंड पुसत म्हणाला, "माझा बाप्तिस्मा तर होऊन गेलाय ना!"

*

मग गल्लीत केबल आली. तीन वाजताच्या सिरियलपायी मंडळात मी, आई, मावशी आणि मार्था काकू एवढ्याच उरलो.

काकूंनी रविवारी चर्चच्या पायरीवरच जाहीर केलं, "बुधवारची प्रार्थना आता चारला. प्रभूला दोन्ही वेळा चालतात. अडचण आपलीच आहे!"

*

पाळकसाहेबांचा झगा धुवायची पाळी आईची आली. टिप होती, भाताच्या पेजेची खळ. आईने भक्तिभावाने दुप्पट घातली.

रविवारी साहेब खुर्चीत बसले, झगा मात्र उभाच! शेवटी आशीर्वादासाठी त्यांनी हात वर केले. कडकड आवाज झाला आणि बाह्या वरच राहिल्या.

त्या दिवशी आशीर्वाद बराच वेळ चालला.

*

मदत म्हणून काही दिलं तर मावशी घ्यायची नाही. म्हणून मार्था काकू टिप "करून दाखवायला" सामान आणायच्या आणि नेमक्या विसरून जायच्या. एकदा पिठाचा भरलेला डबाच घेऊन आल्या. "पिठात तेजपत्ता ठेवला की कीड लागत नाही. राहू दे इथेच, महिनाभर बघ."

मावशी म्हणाली, "काकू, कीड लागायच्या आधीच हे संपेल."

"मग टिप पास!"

*

एकदा सगळ्या माझ्या मागे लागल्या. "पोरी, तूही सांग एक!"

मी जमिनीकडे बघत पुटपुटले, "मुलांना ओरडायच्या आधी एकदा विचारावं, काय झालं म्हणून."

"वा! घरी आजमावलीस?"

"नाही. आईची वाट बघतेय."

*

आणि तो बुधवार. आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, हा मार्था काकूंचा कडक कायदा. त्यात त्यांची प्रार्थना सुरू झाली की महू, मानपूर अशी गावं करून परत यायची! आम्ही गोल करून हात धरले होते. आत मावशीने चहासाठी दूध ठेवलेलं.

"प्रभू, डॅनियलला उठव," काकू म्हणत होत्या. "त्याच्या पायांत बळ दे. त्याचं तोंड उघड."

आतून दुधाचा सूं सूं आवाज येऊ लागला. मावशी चुळबुळली. तिचा एक हात माझ्या हातात होता, दुसरा काकूंच्या, आणि काकू काही सोडेनात. "प्रभू, आम्हाला धीर दे. खूप धीर दे."

जळका वास आला. मग खाट करकरली. पावलं वाजली. गॅसचं बटण कट्‌कन बंद झालं.

"अहो, आमेन म्हणा की आता!" डॅनियल काका ओरडले. "सगळं दूध उतू गेलं!"

मावशीने चुळबुळ थांबवून माझा हात घट्ट धरला. डोळे कुणीच उघडले नाहीत.

मार्था काकू त्याच संथ सुरात पुढे म्हणाल्या, "आणि प्रभू, उठलाच आहे, तर चहाही त्याच्याच हातचा होऊ दे. आमेन."