कैद्यांचा खोका

"पकडलेल्या माणसाला ताप येत नाय का?"

निफाडच्या माझ्या औषधाच्या दुकानात काउंटरवर पंजा आपटून मेजर हे विचारायचे आणि गिऱ्हाइकं दचकायची. होते साधे शिपाई. पण आमच्याकडे मिलिटरीतून आलेला प्रत्येकजण मेजरच. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल.

एकाहत्तरच्या लढाईत ते पकडले गेले आणि वर्षभर पाकिस्तानच्या कैदेत होते. तिथं सोबत्याचा पाय सडला. "टिंचर नाय, पट्टी नाय. माझ्या मांडीवर गेला, भाऊ." घरी आल्यावर द्राक्षांच्या पॅकिंगला लागले.

कारगिलची लढाई सुरू झाली आणि सगळे जवानांसाठी रक्त द्यायला धावले. मेजर माझ्याकडे औषधांची यादी घेऊन आले.

"हे कुणाला?"

"पकडले जातील त्यांना. आपले तिकडं, त्यांचे इकडं. कुणालाबी."

माझं डोकंच फिरलं. "अहो, लोक मारतील तुम्हाला!"

"यादीतलं भरा," ते म्हणाले.

खोका त्यांनी निर्यातीच्या द्राक्षांसारखा भरला. इतका तसाच, की घड सडू नयेत म्हणून वर घालतात तो गंधकाचा कागदही घातला! त्यात पावसाळी ओल लागून त्याचा वायू झाला. नाशिकच्या मदतीच्या कचेरीत खोका उघडला आणि असा भपका सुटला की सगळी कचेरी खोकत बाहेर. लढाईचे दिवस, पोलिसांनी मेजरांना बसवून ठेवलं. मी सोडवायला गेलो, तर हा बाबा हवालदाराला समजावतोय, "साहेब, द्राक्षं अशीच लंडनला जातात."

मला हसूही आवरेना आणि रागही.

औषधं नासली होती. मेजरांनी सगळी नवी घेतली, कागद वगळला आणि पुन्हा गेले. कैद्यांची यादी आमच्याकडे नाही, असं उत्तर मिळालं. आठवड्यानं परत गेले. तोवर लढाईच संपली.

"सुटलात, मेजर," मी म्हटलं.

"कसला सुटतोय! पुढच्या येळी तुमचं दुकान उघडंस्तवर एखादा जाईल. खोका तयार पायजे."

तेव्हापासून दरवर्षी द्राक्षांचा हंगाम सरला की खोका माझ्या काउंटरवर. मुदत संपत आलेली औषधं काढून ते सरकारी दवाखान्यात द्यायचे आणि नवी भरायचे. मी दरवर्षी कटकट करायचो आणि दरवर्षी भरून द्यायचो. तो हट्टी म्हातारा मला फार आवडायचा. तोंडावर कधी म्हटलं नाही, याची आता चुटपुट लागते.

काही वर्षांनी ऐन हंगामात मेजर गेले. छातीत कळ आली, एवढंच निमित्त. महिन्याभरानं त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना मामी म्हणायचो, खोका डोक्यावर घेऊन दुकानात आल्या.

"मामी, आता राहू द्या हे," मी म्हटलं.

त्यांनी खोका काउंटरवर उतरवला आणि पदरानं तोंड पुसलं.

"मला वाचता येत नाय, भाऊ. शेजारणीकडून समद्या तारखा वाचून घेतल्या. चार औषधं गेलीत. भरा."

त्या वर्षी मी कटकट केली नाही. शिडी लावली आणि औषधांच्या वरच्या फळीपर्यंत चढलो.